ट्रे उघडेना

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी विषय ठरवला तो 'घरातली बंद यंत्रं'. शिवणयंत्र, रेडिओ, मनगटी घड्याळ यांवर लिहिणारे त्यांना आधीच मिळाले होते, माझ्या वाट्याला कॉम्प्युटर आला. बंद कॉम्प्युटर बघायला पुण्याबाहेर जायची काही गरज नव्हती, प्रत्येक सोसायटीत एखाद्या माळ्यावर तो सापडतोच. पण नुसतं पडून असणं वेगळं. ज्याच्यावाचून कुणाचं तरी काम खोळंबलंय असं मशिन मला हवं होतं, आणि ते निघालं थेट ग्वाल्हेरला. लष्कर भागातल्या एका मराठी घरात वीस वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरचा सीडी ड्राइव्ह रुसून बसला होता. घरातलं सगळं जुनं गाणं ज्या चकत्यांवर होतं, त्यांतल्या बऱ्याचशा दुसऱ्या कुठल्याच यंत्राला वाचता येत नव्हत्या. मी झेलम एक्स्प्रेसचं तिकीट काढलं.

गाण्याचं कपाट

दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमाराला किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली, ती पुढे उठलीच नाही. आज महाराज बाड्यावरून कुठल्याही गल्लीत वळलं की मराठी आडनावांच्या दोन-चार पाट्या दिसतात. ओट्यावर उभे राहून भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस करणारे आजोबा मधेच मान वळवून 'अगं, सुट्टे आण गं' म्हणून आत हाक मारतात. मी गेलो ते घर अशाच एका गल्लीतलं. भिंती जाड दगडी, आणि छप्पर इथल्याच वालुकाश्माच्या लांबलचक फरशांचं. त्यांना इथे पटिया म्हणतात. या पटियांच्या सांध्यांतून बारीक रेती झिरपत असते. घरातल्या काकू ती रोज पुसतात आणि ती रोज येते. उन्हाळ्यात लू सुटली, पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला, की बाहेरची धूळ तिच्या सोबतीला येते. या धुळीला पुढे काम आहे.

काका महालेखापालांच्या कार्यालयातून निवृत्त झालेले. इथे त्याला सगळे 'एजी ऑफिस' म्हणतात, आणि ग्वाल्हेरच्या मराठी घरांत दर दोन-तीन घरांआड एक तरी माणूस त्या ऑफिसातला निघतो. काकांच्या वडिलांना गाण्याचं वेड होतं. हे वेड इथे नवलाचं नाही. हद्दू खाँ, हस्सू खाँ यांची गायकी ज्या घरांत रुजली त्यांत मराठी घरं बरीच. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ती इथून शिकून महाराष्ट्रात घेऊन गेले. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली इथेच शंकर गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि चार वर्षांनी माधवराव शिंद्यांनी भातखंड्यांच्या सल्ल्याने माधव संगीत महाविद्यालय सुरू केलं. मोठ्या गवयांच्या रेकॉर्ड निघाल्या, आकाशवाणीने त्यांचं गाणं जपलं. काकांच्या वडिलांनी टेपरेकॉर्डरवर धरून ठेवलं ते दुसऱ्या फळीचं गाणं. त्यात शाळेत गाणं शिकवणारे मास्तर होते, गणपतीत एक दिवस गाऊन वर्षभर कारकुनी करणारे होते, कीर्तनाला पेटीची साथ करणारे होते. त्यांची रेकॉर्ड कुणीच काढली नाही. ते गातात कसे हे ऐकायचं तर याच घरातल्या कपाटात.

२००४ मध्ये काकांच्या मुलाने त्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायला घेतल्या. टेपडेकमधून एक वायर साउंड कार्डच्या निळ्या भोकात घालायची आणि कॅसेट वाजेल तितका वेळ शेजारी बसून राहायचं. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं, त्यात घाई चालत नाही. उतरवून झालेल्या कॅसेटी बुरशी लागलेल्या होत्या, त्या टाकून दिल्या. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला. गाणं राहिलं ते पन्नासेक चकत्यांवर, रेक्झिनच्या पाऊचमध्ये.

मेळ्यातली खरेदी

मशिन आलं होतं मेळ्यातून. माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेला ग्वाल्हेरचा मेळा आजही हिवाळ्यात भरतो. वाहनकरातल्या सवलतीमुळे गाडी घ्यायची ती मेळ्यातच असा इथला रिवाज आहे, आणि गाडी बघायला गेलेली घरं त्याच फेरीत टीव्ही-फ्रिजही बघून येतात. काकांनी कॉम्प्युटर घेतला. पेंटियम फोर, २५६ एमबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज एक्सपी आणि एक कॉम्बो ड्राइव्ह. सीडी वाचणारा, सीडी लिहिणारा आणि डीव्हीडी फक्त वाचणारा ड्राइव्ह तेव्हा त्या नावाने मिळायचा. डीव्हीडी लिहिणारे ड्राइव्ह बाजारात होते, पण ते खिशाला जड.

या कॉम्बोने लिहिलेल्या चकत्यांवर त्या काळाची छाप आहे, आणि ती विजेची आहे. मध्य प्रदेशात तेव्हा वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. २००३ च्या निवडणुकीत बिजली-सडक-पानी हाच मुद्दा गाजला आणि सरकार बदललं, पण म्हणून तारांमधून लगेच वीज वाहायला लागली असं नाही. सीडी लिहिताना वीज गेली की चकती बाद. यूपीएस होता, त्याची बॅटरी दोन उन्हाळ्यांत बसली. म्हणून मुलाने एक शक्कल काढली. चकती एका दमात भरायचीच नाही. आज दोन कॅसेटींपुरतं लिहायचं, चकती 'उघडी' ठेवायची, पुढच्या वेळी पुढचं. अशी चकती शेवटी बंद करावी लागते, म्हणजे तिच्या आतल्या कडेला अनुक्रमणिका कायमची लिहावी लागते. ती लिहीपर्यंत कच्ची यादी एका वेगळ्या पट्टीत असते, आणि ती पट्टी फक्त लिहिणाऱ्या ड्राइव्हना वाचता येते. नुसत्या वाचणाऱ्या ड्राइव्हला ती चकती कोरीच दिसते. मुलगा पुण्याला गेला तेव्हा यांतल्या कित्येक चकत्या बंद करायच्या राहून गेल्या होत्या.

ड्राइव्ह रुसल्यावर मुलाने पुण्याहून यूएसबीवर चालणारा नवा ड्राइव्ह पाठवला. त्याने निम्म्याहून जास्त चकत्या नाकारल्या. तो लिहिणाराही होता, म्हणजे उघड्या चकत्यांची कच्ची यादी त्याला दिसायला हवी होती. काहींची दिसलीही. बाकीच्यांची अडचण वेगळी होती. जुन्या ड्राइव्हचा लेसर उतरणीला लागल्यावर लिहिलेल्या चकत्या फिक्या उमटल्या होत्या, आणि फिकं लिहिलेलं ज्याने लिहिलं त्यालाच सगळ्यात बरं वाचता येतं. दुरुस्तीच्या धंद्यातला कुणीही हे सांगेल. 'जुना फेका, नवा लावा' हा सल्ला देणाऱ्यांच्या नजरेतून नेमकं हेच सुटतं. जुना ड्राइव्ह भंगारात गेला की त्याने लिहिलेलं निम्मं आपोआपच भंगारात जातं.

जयेंद्रगंजचे भैयाजी

जयेंद्रगंजात कॉम्प्युटरची दुकानं दाटीने आहेत. पूर्वी काचेत मदरबोर्ड मांडलेले असायचे, आता तिथे सीसीटीव्ही, टोनर आणि लॅपटॉपचे चार्जर दिसतात. ड्राइव्ह दुरुस्त करता का विचारलं की लोक हसतात किंवा यूएसबीवाला दाखवतात. एका दुकानाच्या मागच्या खोलीत एक गृहस्थ भेटले. त्यांची सुरुवात व्हीसीडी प्लेयरच्या दुरुस्तीत झालेली. गल्लीत सगळे त्यांना भैयाजी म्हणतात, मीही तेच म्हणतो. भंगारवाल्याकडून किलोवर घेतलेले मेलेले ड्राइव्ह त्यांच्या फळीवर थप्पी लावून ठेवलेले. एकाचा पट्टा, दुसऱ्याची मोटर, तिसऱ्याची फक्त पेटी.

ते काकांच्या घरी आले आणि कॅबिनेटला हातही न लावता खुर्चीवर बसले.

"काका साहब, पहले ये बताइए, बत्ती जलती है?"

"जलती है. फिर बुझ जाती है."

"अंदर घूमने की आवाज?"

"पहले आती थी. आता तर… मतलब, अब तो खुलता ही नहीं."

"गाना पहले अटकता था, या सीधे बंद हुआ?"

काका विचारात पडले. आधी अडखळायचं, मग काही चकत्या घेईना, मग एक दिवस ट्रे अडकला. भैयाजींनी मान हलवली. निदान बहुतेक इथेच झालं होतं, पुढचं काम खात्री करण्याचं. एका दिवसात मेलेला ड्राइव्ह आणि वर्षभर खालावत गेलेला ड्राइव्ह यांचे आजार वेगळे असतात. एका दिवसात गेलेल्याची वायर, वीज किंवा विंडोज बघायची. खालावत गेलेल्याची धूळ, रबर, ग्रीस आणि लेसर.

तरी रांग मोडायची नाही. भैयाजींनी मशिन चालू केलं, डिलीट बटण दाबून बायोसमध्ये गेले. विंडोज सुरू होण्याआधीच्या त्या निळ्या पडद्यावर ड्राइव्हचं नाव दिसत होतं. म्हणजे रुंद चपट्या रिबन केबलमधून ड्राइव्ह मदरबोर्डशी बोलत होता. तो दिसला नसता तर केबल निघालेली असेल किंवा मागचा जंपर चुकीच्या जागी असेल. एका केबलवर दोन यंत्रं असली तर एक मास्टर, एक स्लेव्ह लावायचं. दोन्ही मास्टर झाली की दोन्ही गायब.

बायोसमध्ये दिसतो पण विंडोजच्या माय कॉम्प्युटरमध्ये दिसत नाही, असा तिसराही प्रकार असतो, आणि एक्सपीच्या काळात त्याने कित्येकांना विनाकारण नवा ड्राइव्ह घ्यायला लावला. सीडी लिहिण्याचा एखादा प्रोग्राम काढून टाकला की तो रजिस्ट्रीत आपली मधली चाळणी सोडून जायचा. अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स या दोन नोंदी उडवून मशिन पुन्हा सुरू केलं की ड्राइव्ह परत हजर. काकांच्या पुतण्याने फोनवर दिलेला सल्ला होता सरळ फॉरमॅट मारायचा. सुदैवाने काकांनी तो मानला नव्हता. अडकलेला ट्रे फॉरमॅट करून उघडत नाही.

गाणं अडखळण्याचं एक कारण मात्र विंडोजमध्येही असू शकतं. वाचताना वारंवार चुका आल्या की एक्सपी त्या ड्राइव्हचा वेग टप्प्याटप्प्याने उतरवत नेतं, आणि शेवटी पीआयओ नावाच्या जुन्या संथ रीतीवर आणून ठेवतं. मग चांगली चकतीही रखडते. डिव्हाइस मॅनेजरमधून तो चॅनेल काढून टाकला की विंडोज त्याला पुढच्या खेपेला नव्याने ओळखतं आणि वेग परत येतो. इथे तसं झालंही होतं, पण तो आजार नव्हता. आजारामुळे आलेला ताप होता.

मग कॅबिनेट उघडलं. आत पटियांची रेती होतीच. भैयाजींनी ड्राइव्हच्या चार तारांच्या प्लगला मीटर लावला. लाल तारेत पाच व्होल्ट, पिवळीत बारा, मधल्या दोन काळ्या. पाचावर ड्राइव्हचा मेंदू आणि लेसर चालतो, बारावर मोटरी. बत्ती लागते पण चकती फिरत नाही, तर पिवळी तार बघायची, हा त्यांचा नियम. मीटर सव्वाअकराच्या आसपास रेंगाळत होता. पाच टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे ११.४ च्या खाली नको. पॉवर सप्लायच्या जाळीतून आत टॉर्च मारला तर दोन कपॅसिटरांची टोपणं फुगलेली दिसली. २००० च्या पुढेमागे बनलेल्या कपॅसिटरांत हा रोग जगभर होता, ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याने त्याला हातभार लावला इतकंच.

मला वाटलं आता पॉवर सप्लाय बदलणार. भैयाजींनी चार स्क्रू काढून ड्राइव्हच बाहेर ओढला. त्यांच्या पिशवीत जुन्या ड्राइव्हला यूएसबीवर आणणारा एक जोड होता, बारा आणि पाच व्होल्टचा स्वतःचा ॲडॉप्टर असलेला. "काका साहब, कम्प्यूटर बाद में. पहले इसको पढ़वाना है." काकांचा चेहरा उतरला. त्यांना मशिन चालू बघायचं होतं. पण क्रम भैयाजींचा बरोबर होता. ही दुरुस्ती वापरण्यासाठी नव्हतीच. पन्नास चकत्या एकेकदा वाचून होईपर्यंत ड्राइव्ह जगला की पुरे.

चहाच्या भांड्यातला पट्टा

ट्रेच्या तोंडाशी टाचणी जाईल एवढं एक भोक असतं. ते कशासाठी, हे मी घराघरांत विचारून पाहिलं आणि उत्तर क्वचितच मिळालं. कागदाला लावायची क्लिप सरळ करून त्यात सरळ आत दाबली की गिअर हाताने सरकतं आणि ट्रे बोटभर बाहेर येतो, पुढे तो हळू ओढायचा. अट एवढीच की वीज बंद हवी, कारण आत चकती फिरत असली तर ती त्याच वेळी बाहेर फेकली जाऊ शकते.

ट्रे बाहेर आला. आत २००५ च्या दिवाळीची एक चकती, इतकी वर्षं तिथेच. काकू म्हणाल्या, "अगबाई, ही मी किती शोधली!"

ट्रे सरकवणारी छोटी मोटर आणि गिअर यांच्यामध्ये एक बारीक रबरी पट्टा असतो. पंधरा-वीस वर्षांत तो सैल पडतो, कडक आणि गुळगुळीत होतो, मोटर फिरते आणि पट्टा घसरतो. जास्तीचं काम त्याला एका चुंबकामुळे पडतं. चकती जागेवर बसली की वरून एक गोल कडी येऊन ती दाबून धरते, आणि ती कडी चुंबकाने ओढलेली असते. ट्रे बाहेर काढताना पट्ट्याला आधी ती ओढ तोडावी लागते. म्हणून एक गंमत नेहमी दिसते. चकती आत असली की ट्रे कण्हत का होईना उघडतो आणि रिकामा असला की नाही. चकती असो वा नसो, ट्रे मधेच अडत असेल तर पट्टा सोडून तुटक्या दाताचा गिअर शोधायचा.

फळीवरच्या थप्पीतला पट्टा मापात बसेना. मग भैयाजींनी काकूंकडे उकळतं पाणी मागितलं. काकूंनी चहाचं भांडं द्यायला साफ नकार दिला, दुधाचं तर लांबच राहिलं. शेवटी कुंड्यांना पाणी घालायचा स्टीलचा डबा निघाला. उकळत्या पाण्यात काही मिनिटं ठेवला की सैल पट्टा जरा आकसतो, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला की त्याची पकड परत येते. हा उपाय काही महिने टिकतो. आम्हाला तेवढीही गरज नव्हती.

एक भिंग, दोन लेसर

ट्रे आता उघडझाप करू लागला. भैयाजींनी आधी एका सिनेमाची छापील डीव्हीडी घातली. फिरली, उघडली, चित्र आलं. मग छापील सीडी घातली. बत्ती लुकलुकली, चकती दोन-तीनदा फिरायचा प्रयत्न करून थांबली. काका म्हणाले, "अरे, असं कसं? डीव्हीडी तर जास्त बारीक असते."

बारीकच असते. सीडीवरच्या खुणा एका सलग सर्पिल वाटेवर असतात. चकली घालतात तशी ती मधून सुरू होऊन कडेपर्यंत घुमत जाते, वेढ्यांतलं अंतर १.६ मायक्रॉन, एकूण लांबी पाच किलोमीटरच्या वर. डीव्हीडीचे वेढे त्याच्या निम्म्याहून जवळ, ०.७४ मायक्रॉनवर. पण दोघींसाठी लेसर वेगळे. सीडीला ७८० नॅनोमीटरचा, डोळ्याला जेमतेम जाणवणारा. डीव्हीडीला ६५० चा, लाल. कॉम्बो ड्राइव्हमध्ये दोन्ही एकाच डोक्यात बसवलेले असतात, भिंग एकच. म्हणून एक मरतो आणि दुसरा जगतो, आणि घरातली माणसं भांडत बसतात की ड्राइव्ह ठीक आहे की बिघडलाय. दोन्ही खरं असतं. या ड्राइव्हने वर्षानुवर्षं सीडी लिहिल्या होत्या, आणि लिहिताना लेसरला वाचण्यापेक्षा कितीतरी जास्त ताकद लावावी लागते. झिजला तो तोच.

झिजलेला लेसर परत तरुण होत नाही. त्याच्या वाटेतली धूळ मात्र काढता येते. भैयाजींनी पेटी उघडली. भिंग हरभऱ्याच्या डाळीएवढं असेल. ते केसासारख्या तारांवर तरंगतं आणि बाजूच्या गुंडाळ्यांतल्या विजेने वर-खाली, आत-बाहेर हलतं, म्हणजे चकती वाकडी फिरली तरी नेम सुटू नये. चकती घातल्यावर ते आधी वर-खाली होऊन नेम शोधतं. काही प्रयत्नांत नाही सापडला की ड्राइव्ह हार मानतो आणि पडद्यावर येतं, 'कृपया डिस्क घाला'. डिस्क घातलेली असतानाही. त्या वाक्यावर चिडून किती जणांनी ड्राइव्हला चापट मारली असेल!

भिंगावर धुरकट थर होता. कापसाच्या काडीवर अल्कोहोलचा थेंब, मधून बाहेर एक हलकी फिरवणी, दाबायचं नाही. नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नाही, भिंग प्लास्टिकचं असतं आणि ॲसिटोनने कायमचं आंधळं होतं. मग डोकं ज्या दोन पोलादी सळयांवर सरकतं त्यांच्यावरचं जुनं ग्रीस पुसलं. ते काळं, चिकट आणि रेतीने भरलेलं. पहिली गाणी वाजतात आणि शेवटची अडतात ही तक्रार बऱ्याचदा इथूनच येते. सीडी आतून बाहेर वाचली जाते, डोकं बाहेर सरकताना सळईवर अडकलं की पुढचं गाणं संपलं. सळयांना नव्या ग्रीसचं बोट लावलं, फार थोडं.

त्या डोक्यावर एक सूक्ष्म स्क्रू असतो, लेसरची ताकद ठरवणारा. व्हीसीडीच्या काळात कारागीर तो अंदाजाने फिरवायचे. मरू घातलेला प्लेयर उठून बसायचा, गिऱ्हाईक खूश व्हायचं आणि महिन्या-दोन महिन्यांत लेसर कायमचा जायचा. मी त्याबद्दल विचारलं तर भैयाजी म्हणाले, "वो आखिरी में." फिरवायचा, पण सगळ्यात शेवटी, वाचण्यासारखं बाकी सगळं वाचून झाल्यावर.

सीडी पुन्हा घातली. या वेळी फिरली, थांबली नाही.

चकतीची बाजू

आता पाऊच उघडला. चकत्या बहुतेक मोझर बेअरच्या. १९८३ साली सुरू झालेली ही कंपनी पुढे ग्रेटर नोएडाहून जगाला कोऱ्या चकत्या पुरवू लागली. त्या काळात भारतीय घरातली कोरी सीडी म्हणजे बहुधा तिचीच. २०१८ मध्ये कंपनी अवसायनात निघाली. चकत्यांचा जमाना त्याआधीच संपला होता.

घरी लिहिलेल्या चकतीत खड्डे नसतात. आत रंगाचा एक थर असतो, लेसर तो ठिपक्याठिपक्यांनी तापवून काळवंडवतो. ऊन, उष्णता आणि वेळ यांनी तो रंग फिका पडतो. लिहिलेला भाग खालच्या बाजूने थोड्या वेगळ्या छटेचा दिसतो, म्हणून चकती उजेडात तिरकी धरली की किती भरली आहे ते डोळ्यांनीच कळतं. काकूंना हे फार आवडलं, त्या एकेक चकती खिडकीशी नेऊन बघू लागल्या.

बहुतेक लोक चकतीची चकचकीत बाजू जपतात आणि छापील बाजूवर बॉलपेनने लिहितात. उलटं करायला हवं. चकचकीत बाजूकडे एक मिलिमीटरहून जाड प्लास्टिक असतं. वरचा ओरखडा लेसरच्या नेमाबाहेर राहतो, थोडाफार चालून जातो. सीडीत खुणांचा थर छापील बाजूला असतो आणि त्याच्यावर फक्त पातळ वॉर्निश. बॉलपेनचं टोक थेट गाण्यावर चालतं. डीव्हीडीत हा थर दोन पातळ चकत्यांच्या मधे असतो, म्हणून ती या बाबतीत सुरक्षित. एका चकतीवर निळ्या बॉलपेनने सुंदर वळणदार अक्षरांत एका मास्तरांचं नाव आणि 'भूप, गणपती' असं लिहिलेलं. नावाच्या खालीच थर सुटून पापुद्रा निघालेला. ती चकती कशानेच वाचली नाही.

पुसायचं कसं, तर मधून बाहेर, सरळ रेषेत. गोल फिरवून पुसलं आणि ओरखडा उमटला तर तो वाटेला समांतर जातो आणि सलग मोठा तुकडा खातो. आडवा ओरखडा अनेक वेढ्यांतला थोडाथोडाच खातो, आणि तेवढं भरून काढायची सोय सीडीत मुळातच आहे. आकडे असे विखरून लिहिलेले असतात की अडीच मिलिमीटरपर्यंतची सलग तूटही शेजारच्या आकड्यांवरून भरता येते.

मधल्या भोकाच्या कडेला तडा असेल तर मात्र चकती घालूच नये. बावन्नपट वेगात ती मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते, तडा फाटत जातो आणि ड्राइव्हच्या पोटात काचेचा खच पडल्यागत होतं. भैयाजींनी तशा दोन बाजूला काढल्या. त्या घातल्याच तर सगळ्यांत सावकाश वेगात, अगदी शेवटी.

वाचून घेणं

विंडोजमध्ये फोल्डर उचलून कॉपी केला की पहिल्या चुकीला ती थांबते, आणि पुढचं चांगलं असलेलंही राहून जातं. म्हणून भैयाजी लॅपटॉपवर लिनक्स घेऊन आले होते, त्यात डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम. तो अडलेला भाग वगळून पुढे जातो, आधी सोपं सगळं उचलतो, मग अडलेल्याकडे परत येतो. काय राहिलं याची नोंद तो एका फाइलीत ठेवतो. तीच नोंद घेऊन तीच चकती दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली की तो फक्त राहिलेलं मागतो. जुना कॉम्बो आणि पुण्याचा यूएसबीवाला शेजारी शेजारी ठेवून भैयाजी चकत्या अदलाबदल करत राहिले. एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसायचं. जो नवा ड्राइव्ह आधी निरुपयोगी ठरला होता, तो अशा जोडीत कामाचा निघाला.

चकत्यांत दोन जाती होत्या. काहींवर गाणं ऑडिओ सीडी म्हणून लिहिलेलं, ऐंशी मिनिटांत मावेल तेवढंच. बाकीच्यांवर एमपीथ्री. मुलाने पुढे पुढे एमपीथ्रीच केल्या, कारण एका चकतीवर बारा तास मावतात आणि चकतीला पैसे पडतात. संकटात या दोघी अगदी वेगळ्या वागतात. ऑडिओ चकतीला चूक सावरायची व्यवस्था कमी असते, पण ती चूक पोटात घालते. एक ठिपका हरवला तर आजूबाजूच्या दोघांवरून अंदाज बांधून पुढे जाते, ऐकणाऱ्याला फार तर 'टिक' ऐकू येतं. एमपीथ्रीची चकती डेटाची. तिच्यात सावरण्याचा आणखी एक थर असतो, त्यामुळे बराच काळ काहीच बिघडत नाही. बिघडतं तेव्हा कॉम्प्युटर ती फाइलच देत नाही, आणि अनुक्रमणिकेची जागा गेली तर बाराही तास एकदम जातात. बारा तासांची एक चकती हा हिशेब त्या वेळी किफायतीचा होता. आज मी तो कुणाला करू देणार नाही.

दोन्ही ड्राइव्ह चौपट वेगावर बांधले होते. भैयाजींच्या हातात काहीच उरलं नव्हतं, ते चहा पीत होते. मधेच एका ऑडिओ चकतीतलं गाणं लॅपटॉपच्या बारीक स्पीकरवर लावलं. टिक, टिक, मग पेटीचा स्वर, मग कुणीतरी खाकरलं. काका म्हणाले, "हे आमचे बाबा. कॅसेट सुरू झाली की ते आधी खाकरायचे." मग गाणाऱ्याचं नाव आठवण्यावरून त्यांचं आणि काकूंचं बरंच वाजलं. पाऊचवर नाव नव्हतं, तारीखही नव्हती. बंदिशीवरून, पेटीवाल्याच्या हातावरून, मागे ऐकू येणाऱ्या मुलाच्या रडण्यावरून ते वर्ष ठरवू लागले. ते मूल म्हणजे पुण्याला गेलेला मुलगा, हे ठरायला वेळ लागला नाही. त्यावरून १९८० च्या आधीचं नाही हेही ठरलं.

उतरवलेलं सगळं दोन हार्ड डिस्कवर ठेवायचं ठरलं, एक ग्वाल्हेरला, एक पुण्याला. मी सुचवलं की फाइलींना नावं आत्ताच द्या, ओळखणारे दोघं समोर बसलेत तोवर. काकूंनी वही काढली.

तेवढ्यात शेजारच्या घरातल्या वहिनी डोकावल्या. गल्लीत बातमी फुटली होती. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत लग्नाच्या व्हीसीडी. भैयाजींनी एक घातली. चित्र चाललं, नवरदेव घोड्यावर बसला. कॉपी करायला घेतली तर लगेच अडली.

"भाभी, ये अलग बीमारी है," भैयाजी म्हणाले. व्हीसीडीत चित्राच्या तुकड्यांना डेटाच्या चकतीतला तो जादा सावरण्याचा थर नसतो, जागा वाचावी म्हणून तो काढलेला असतो. त्यामुळे प्लेयर चूक गिळून पुढे जातो आणि साधी कॉपी मात्र हट्टाने थांबते. तिला वेगळा प्रोग्राम लागतो, तो त्यांच्या दुकानातल्या मशिनवर होता.

"मग नेता का?" वहिनींनी विचारलं.

"चकती ले जाऊँगा. और काका साहब, ये ड्राइव्ह भी, अगर आप दें तो."

काका काकूंकडे बघू लागले. काकू वहीतून मान वर न काढता म्हणाल्या, "आधी आमच्या होऊ देत सगळ्या. अजून एकोणीस राहिल्यात."